कोरल टँकच्या कामात उतरताय? आधी पाणी फिरवायला शिका

सोलापुरात मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, टँकची कामं आता अधूनमधून निघतात. होटगी रोडचा एखादा दवाखाना, जुळे सोलापुरातला बंगला, कधी हॉटेल. गोड्या पाण्याचे टँक सांभाळणारी पोरं या कामाकडे वळली की पहिलं विचारतात, "दादा, गिऱ्हाईकाला लाईट कुठली सांगू?" मी म्हणतो, लाईटचं नंतर बघू, पंपांचं आधी ठरव. लाईट वर लटकवलेली असते, वाटेल तेव्हा बदलता येते. पाण्याची वाट मात्र रॉक (कोरल बसवायचे दगड) रचतानाच ठरते, आणि ती चुकली तर पुढे अख्खा टँक उपसावा लागतो.

कोरल हा प्राणी आहे, पण जागचा हलत नाही. त्याचं खाणं, ऑक्सिजन सगळं पाण्यानं आणून द्यायचं आणि त्यानं सोडलेला चिकट स्राव पाण्यानंच वाहून न्यायचा. त्याच्या अंगाला पाण्याचा एक पातळ थर बिलगून असतो. प्रवाह मंद पडला की तो थर जाड होतो आणि आतबाहेर होणारी देवाणघेवाण अडते. त्यात तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. एप्रिल-मे काढायचा तर हे विसरून चालणार नाही.

हिशोब सोपा आहे. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टँक म्हणजे नऊ घनफूट, साधारण २५५ लिटर. रॉक आणि वाळू वजा जाता २१० लिटर पाणी धरा. नुसते सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेले) असतील तर तासाला त्याच्या १० ते २० पट पाणी हलायला हवं, सॉफ्ट आणि दगडी मिश्र टँकला २० ते ४० पट, ॲक्रोपोरासारखे एसपीएस (बारीक तोंडांचे दगडी कोरल) ठेवायचे तर ४० च्या वर. म्हणजे २० पटीला ४,२०० लिटर. मी यासाठी तासाला ४,००० लिटरचे दोन वेव्हमेकर (टँकच्या आत बसवून पाणी ढकलणारे पंप) घेतो आणि निम्म्याहून जरा जास्त वेगावर चालवतो. एकच मोठा बसवला तर एका बाजूला वादळ आणि दुसऱ्या बाजूला डबकं होतं.

रिटर्न पंपाचा आकडा यात फारसा धरू नका. संपमधून, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, तासाला तीन ते पाच पट पाणी वर आलं तरी पुरतं. खोक्यावर ३,००० लिटर छापलेलं असलं तरी ते शून्य उंचीचं. चार फूट चढ आणि दोन एल्बो लागले की बरंच गळतं. रिटर्नच्या नळीखाली १० लिटरची बादली धरा, मोबाईलवर वेळ लावा. २४ सेकंदांत भरली तर तासाला १,५०० लिटर.

खरं कौशल्य दिशेत आहे. वेव्हमेकरचा झोत थेट कोरलवर मारायचा नाही, सतत एकाच बाजूनं मार बसला तर मांस हाडापासून सुटतं. दोन्ही टोकांचे वेव्हमेकर समोरच्या काचेच्या मध्याकडे किंचित वळवा, म्हणजे झोत एकमेकांवर आदळून फुटतात आणि पाणी दर क्षणाला वेगळ्या बाजूनं येतं. एकाचं तोंड थोडं वर ठेवा, पृष्ठभाग लहरला पाहिजे. त्यानं वरचा तेलकट पापुद्रा मोडतो आणि हवेची देवाणघेवाण होते. रॉकची भिंत मागच्या काचेला चिकटवू नका, तीन-चार इंच जागा सोडा, कमानी ठेवा. मागच्या कोपऱ्यात गाळ साचून लालसर-जांभळा सायनो (बॅक्टेरियाचा चिकट थर) पसरायला लागला तर बहुतेक वेळा तिथं पाणी पोचत नाही. खाणं जास्त पडत असेल तर तेही बघा. वाळू एक-दोन मिलिमीटर दाण्याची घ्या, पिठासारखी बारीक घेतली तर पहिल्याच दिवशी ढग उठतो.

जमेल त्यानं एकदा मालवणला जाऊन, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून बघावं. लाट प्रत्येक गोष्टीला पुढे नेते, मागे आणते. टँकमध्ये आपल्याला तेच हवं.

तपासणीसाठी संध्याकाळी लाईट मंद करा आणि फ्रोझन ब्राइन श्रिम्प (माशांना घालतात ती बारीक कोळंबी) वितळवून त्याचं थोडं पाणी वेव्हमेकरसमोर सोडा. टॉर्चच्या उजेडात कण कुठे फिरतात, कुठे घिरट्या घालून खाली बसतात ते दिसतं. नंतर हॅमर कोरल (हातोडीसारख्या टोकांच्या सोंडांचा) बघा. सोंडांची टोकं पुढे-मागे सुटी डुलत असतील तर ठीक. सगळ्या एकाच बाजूला दाबल्या गेल्या असतील आणि दुसरीकडे खालच्या हाडाची पांढरी कड दिसत असेल तर झोत जास्त आहे. मशरूम कोरलला मंद पाणी चालतं, जोरात ठेवलं की आक्रसतं आणि कधी दगड सोडून जातं. लेदर कोरल अंगावर मेणचट पापुद्रा धरून मिटून बसला तर घाबरू नका, तो कात टाकतोय. प्रवाह जरा वाढवला की पापुद्रा निघून जातो. नव्या टँकमध्ये वेव्हमेकरचा वेग ३० टक्क्यांपासून सुरू करून आठवड्याआठवड्यानं वाढवा. पहिल्याच दिवशी एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "अहो, मासे वाहून जातील की!" क्लाउनफिश बिनधास्त पोहत होते.

आता आपल्या गावचं. लाईट गेली की आधी प्रवाह थांबतो, म्हणून किमान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर हवा. स्क्वेअर वेव्ह (साध्या, स्वस्त प्रकारच्या) इन्व्हर्टरवर एसी पंप गुरगुरतो आणि तापतो, अडॅप्टरवरचा डीसी वेव्हमेकर सहसा कुरकुर करत नाही. काम सोपवण्याआधी मेन स्वतः बंद करून बघा. रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी, नाहीतर गिऱ्हाईकाच्या फरशीवर समुद्र. आपली हवा कोरडी, त्यामुळे टँकवरचा पंखा कूलरसारखा काम करतो आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. पण बाहेर ४३ असताना २६ वर ठेवायला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच. पंख्यानं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर टाकताना साधं आरओचं पाणी टाका, खारं नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा आरओचा साठा आधीच भरून ठेवा.

कायद्याचं एकदाच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी कोरल आणि सी फॅन (पंख्याच्या आकाराचे कोरल) आहेत, आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा विकणं, घेणं दोन्ही गुन्हा. बाहेरून आलेल्या मालाची कागदं मागा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर तिथून निघा.

आणि पंप धुवा. दोन-तीन महिन्यांत पात्यावर कॅल्शियमचा थर बसतो आणि प्रवाह नकळत घटतो. गिऱ्हाईक म्हणतं कोरल रुसलेत. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा, स्वच्छ धुऊन बसवा. तेवढा वेळ टँकमधलं पाणी थांबू नये म्हणून एक धुतलेला जादा वेव्हमेकर गाडीच्या डिकीत ठेवत जा. ऐनवेळी तो सोलापुरात मिळेलच असं नाही, आणि कुरिअरची वाट बघायला कोरलला सवड नसते.