लॉगिन होतंय, पण कन्सोल उघडेना?

नांदेडात बसून संभाजीनगरच्या रॅकमधलं ब्लेड (चॅसिस नावाच्या सामायिक खोक्यात बसणारा पातळ सर्व्हर) बघताय, आयएलओचं (एचपीच्या सर्व्हरमधली, तो दुरून सांभाळायची सोय) लॉगिन होतंय, पण कन्सोल, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन दाखवणारी खिडकी, काळाच? मग पासवर्ड बदलत बसू नका. लॉगिनचं पान ४४३ पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारावर) चालतं, स्क्रीनचं चित्र मात्र दुसऱ्याच पोर्टवरून येतं: आयएलओ ४ ला मुळात १७९९०, डेलच्या तशाच सोयीला, आयड्रॅक ८ ला, ५९००. फायरवॉलवाल्याला नेमका तोच आकडा सांगा.

पानच उघडत नसेल तर ब्लेडमागे मॅनेजमेंटची केबल शोधू नका, ती नसतेच. रस्ता चॅसिसच्या मॅनेजमेंट मॉड्यूलमधून (सगळ्या ब्लेडांचा कारभार बघणाऱ्या भागातून) जातो; तिथं त्या स्लॉटला आयपी मिळालाय का बघा.

कन्सोल उघडताना जावा कुरकुरतंय? थेट ब्राउझरमध्ये चालणारा एचटीएमएल५ कन्सोल घ्या. तरीही अडलं तर फक्त आयएलओ रीसेट करा, चालू सर्व्हर बंद पडत नाही. (पहिल्यांदा बटण दाबताना मला तुळजाभवानी आठवली होती.)