वंध्यत्वाच्या तपासण्या आणि पती-पत्नीमधील जवळीक : या चुका टाळा

वर्षभर नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असताना सहा महिन्यांत झाली नाही, तर तपासण्या सुरू कराव्यात, असे डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच आहे. मात्र रिपोर्टांनी फुगलेल्या फाइलमध्ये एका गोष्टीची नोंद सहसा नसते, ती म्हणजे या काळात त्या दोघांचे शरीरसंबंध कसे आहेत याची. इच्छा मावळणे, ऐन वेळी ताठरता न येणे, संबंधाच्या वेळी दुखणे अशा तक्रारी अनेकदा तपासण्यांच्या काळातच सुरू होतात आणि प्रेम आटल्याची खूण समजून मनात दाबून ठेवल्या जातात. प्रत्यक्षात त्यांतल्या बऱ्याच तक्रारी तपासण्यांच्या ताणातून आलेल्या असतात आणि वेळीच बोलल्यास दूर होऊ शकतात.

केवळ ‘दिलेल्या दिवशी’ जवळ येणे

फॉलिक्युलर स्टडीमध्ये पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी करून बीजकोशाची (ज्यात स्त्रीबीज वाढते त्या लहान पिशवीची) वाढ मोजली जाते आणि तो पुरेसा मोठा झाला की ‘आज आणि उद्या संबंध ठेवा’ असे सांगितले जाते. हा निरोप पतीला दुपारी कार्यालयात मिळतो. लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, बाहेरच्या खोलीत आई-वडील अजून जागे असतात, आणि दमलेल्या दोघांना ठरलेली गोष्ट उरकायची असते. अशा रात्री शरीराने साथ दिली नाही तर त्यात कोणाचाही दोष नाही, कारण भीती आणि ताण ताठरतेच्या थेट आड येतात. पण ‘महिना वाया गेला’ हे एक वाक्य उच्चारले गेले, की पुढच्या महिन्यात तीच धास्ती दुपटीने परत येते.

स्त्रीबीज 12 ते 24 तासच टिकत असले, तरी शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून पाळीचा रक्तस्राव थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील, तर नेमकी एक रात्र गाठण्याची गरज बहुधा उरत नाही. शुक्राणू ‘साठवण्यासाठी’ आठ-दहा दिवस दूर राहण्यानेही काही साधत नाही. माझे आग्रहाचे सांगणे असे, की महिन्यातले काही दिवस तरी उपचाराचा विषय न काढता एकमेकांच्या सहवासासाठी ठेवावेत. त्या दिवशी संबंध झालाच पाहिजे, असेही नाही.

वीर्यतपासणीला पौरुषाची परीक्षा समजणे

प्रयोगशाळेच्या शेजारची लहानशी खोली, नाव लिहिलेली डबी आणि दाराबाहेर ताटकळणारी माणसे, अशा ठिकाणी नमुना देणे अनेक पुरुषांना जमत नाही. ही अडचण आधी सांगितली, तर बहुतेक ठिकाणी घरून नमुना आणण्याची मुभा मिळते. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर घेतलेला नमुना डबी शरीराजवळ धरून अर्ध्या ते एका तासात पोहोचवावा लागतो. साधा कंडोम, तेल किंवा थुंकी वापरू नये, कारण त्यांनी शुक्राणूंना अपाय होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा दिलेली आहे. ती ज्यांच्या पत्नीला वर्षभरात गर्भधारणा झाली अशा पुरुषांच्या आकड्यांवरून ठरवली असून, त्यांच्यापैकीही सुमारे 5 टक्के पुरुष या मर्यादेखालीच होते. शिवाय शुक्राणू तयार होण्यास अडीच ते तीन महिने लागत असल्याने, मागे येऊन गेलेल्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. एका रिपोर्टवरून स्वतःला कमी लेखण्यापूर्वी तपासणी पुन्हा करून घ्यावी.

याच घाईत एक गंभीर चूक होते. ‘ताकद’ वाढावी म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतो, पण बाहेरून दिलेल्या या संप्रेरकामुळे शुक्राणूंची निर्मिती उलट घटते आणि कधी पूर्ण थांबते. ताठरतेच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हृदयविकारासाठीच्या नायट्रेट औषधांबरोबर त्या जिवावर बेतू शकतात.

दुखणे मुकाट्याने सोसणे

वारंवार योनीमार्गे होणारी सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारी, गर्भाशयात औषध सोडून काढलेली एक्स-रे तपासणी (एचएसजी) यांनंतर काही स्त्रियांना पतीचा स्पर्शही तपासणीसारखा वाटू लागतो. शरीर आक्रसते, कोरडेपणा येतो, संबंध दुखरा होतो. बाळासाठी एवढे सोसायलाच हवे, असे स्त्रीला कोणीही सांगू नये. वंगण वापरायचे असल्यास शुक्राणूंना अपाय न करणारे कोणते, ते डॉक्टरांना विचारावे. दुखणे टिकून राहिले तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा योनीच्या स्नायूंचे आक्रसणे यांचाही शोध घ्यावा लागतो. काही जोडप्यांमध्ये याच आक्रसण्यामुळे लग्नानंतर पूर्ण संबंध झालेलाच नसतो, आणि कोणी विचारले नाही म्हणून तपासण्या मात्र वर्षानुवर्षे चालू राहतात. डॉक्टरांनी विचारले नाही, तर ‘आमचा संबंध नीट होत नाही’ हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगावे. नातेवाइकांसमोर संकोच वाटत असेल, तर त्यांना बाहेर थांबण्याची विनंती करावी.