चिंध्यांचं तोरण: डिझाइन न काढता, गोधडीच्या पद्धतीने सणाची सजावट कशी शिवायची

दिवाळी जवळ आली की आपल्या नाशकात मेनरोड, रविवार कारंजा सगळीकडे प्लास्टिकच्या फुलांची तोरणं लटकायला लागतात, दिसतात छान पण वर्षभरात रंग उडतो आणि धूळ बसली की नीट धुताही येत नाहीत. घरात ब्लाउजपिसं पडलेली असतात, फाटलेल्या साडीचे चांगले काठ काढून ठेवलेले असतात, मुलीच्या जुन्या परकराचा घेर असतो. त्यातून तोरण शिवा. एका रविवारी तुकडे जोडून होतात, मग संध्याकाळी टीव्ही बघता बघता हाताने टाके घालायचे, आठवड्यात तयार.

मी सांगते त्या पद्धतीत आधी कागदावर नक्षी काढायची नाही, साचा नाही, तुकडे एकाच मापाचे कापायचे नाहीत. आपल्याकडच्या गोधड्या अशाच शिवल्या गेल्यात, हाताला जो तुकडा आला त्याच्या शेजारी कोणता शोभेल एवढंच बघत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका पण कामाच्या जुन्या कपड्यांतून अशाच मनाने गोधड्या शिवत आल्या, आणि 2002 मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या.

पण मनाने शिवायचं म्हणजे काहीच ठरवायचं नाही असं नाही हं. तीन गोष्टी आधी पक्क्या करा: कुठे टांगणार, पुरं झाल्यावर माप किती, आणि रंग कोणते. ह्या तीन पक्क्या असल्या की बाकी सगळं मोकळं सोडता येतं. ह्याच कच्च्या राहिल्या तर कितीही भारी कापड वापरा, नुसती खिचडी दिसते.

माप म्हणजे दाराची रुंदी नाही, खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर. दार 3 फुटांचं असलं तरी चौकटीबाहेरचे खिळे साधारण 40 इंचांवर येतात, मी पुढे सगळं 40 इंच धरून सांगतेय, तुमचं वेगळं असेल तर त्या हिशोबाने बदला.

रंगांचं म्हणाल तर चार-पाचच घ्या आणि त्यातला एक खूप गडद, एक खूप फिका पाहिजेच. इथे बऱ्याच जणी फसतात कारण लाल, केशरी, राणी, जांभळा असे सगळे भडक रंग एकत्र घेतले की दिवाळीचं वाटेल असं वाटतं, आणि दारावर लावल्यावर लांबून सगळा एकच गोळा दिसतो. सोपी युक्ती सांगते, तुकडे जमिनीवर पसरा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर त्यात एक गडद निळा किंवा काळपट हिरवा टाका आणि थोडं ऑफव्हाइट टाका. लगेच फरक दिसेल.

कापड कुठून आणायचं? आधी घरातलंच. मग ओळखीच्या टेलरकाकांना किंवा ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना सांगून ठेवा, कातरण त्यांना टाकायचंच असतं, पिशवी भरून देतात, फक्त ऐन सणात मागायला जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. येवल्याकडे कोणी नातेवाईक असतील तर पैठणीचा एखादा तुकडा मिळतो का विचारा. खणाचं कापड अर्धा मीटर आणलं तरी दोन तोरणांना पुरतं. आत भरायला विकतचं काही आणू नका, मऊ झालेली जुनी सुती साडी दुहेरी घ्यायची, गोधडीत घालतो तशीच. स्पंज किंवा जाड फायबर घातलं तर तोरण फुगून उशीसारखं दिसतं आणि गणपतीत हवा दमट असते तेव्हा आत ओल धरतं. मागच्या बाजूला मांजरपाट.

शिवायच्या आधी सगळं सुती कापड एकदा धुऊन घ्या, नवं असेल तर आटतं. लाल आणि मरून तुकडे वेगळे धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्याला रंग लागला तर तो तुकडा फिक्या रंगाजवळ लावायचा नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो म्हणतात पण त्यावर भरवसा ठेवू नका. खण आणि पैठणीचे तुकडे धुवायचे नाहीत, त्यांना मागून पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावून घ्या नाहीतर कडा सुटत राहतात आणि मशीनखाली कापड सरकतं. इस्त्री करताना वरून सुती फडकं आणि इस्त्री मंद, कारण हल्ली जरीचा धागा बऱ्याचदा प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा असतो, गरम इस्त्रीने चिकटून गोळा होतो.

आता जोडायचं. एक छोटा तुकडा घ्या, दोन-तीन बोटं रुंद, तुमचा आवडता, तिथून सुरुवात. त्याच्या एका बाजूला दुसरा तुकडा सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून पाव इंचावर टीप मारा. उलगडा, शिवण एका बाजूला दाबून इस्त्री करा. इस्त्री प्रत्येक शिवणीनंतर, हे टाळलं तर पुढे सगळं वाकडं होत जातं. मग जास्तीचा भाग कात्रीने कापा, आणि कापताना मुद्दाम थोडं तिरकं कापा. ह्या तिरक्या कडेला तिसरा तुकडा, परत इस्त्री, परत तिरकं कापणं. असं चारी बाजूंनी फिरत गेलं की सहा-सात तुकड्यांत हाताच्या पंजाएवढा एक ठोकळा तयार होतो. असे ठोकळे करत जा, मोजत बसू नका, कुठे अरुंद पट्ट्या जास्त, कुठे एकच मोठा तुकडा. सगळे ठोकळे सारखे बारीक तुकड्यांचे केले तर डोळ्याला थांबायला जागा राहत नाही, मध्येमध्ये साध्या एकरंगी कापडाचा मोठा भाग सोडायलाच हवा.

एक हिशोब लक्षात ठेवा, प्रत्येक जोडाला दोन्हीकडून पाव-पाव इंच जातो. 3 इंचांच्या दोन पट्ट्या जोडल्या की 6 नाही, साडेपाच इंच मिळतात. तुकडे बारीक असतील तर कापड भरभर संपतं, म्हणून थोडं जास्तीचं हाताशी ठेवा.

वळणदार जोड हवा असेल, लाटेसारखा, तर त्याची रीत वेगळी आहे आणि मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. दोन कापडं, दोन्हींची सुलट बाजू वर, एकाच्या कडेवर दुसऱ्याची कड तीन-चार इंच चढवून ठेवा. आता जिथे दोन्ही कापडं एकावर एक आहेत तिथून कात्री एका दमात वळवत न्या, दोन्ही एकदम कापली गेली पाहिजेत. वळण हलकं ठेवा, इंग्रजी एस ताणून लांब केल्यासारखं, एकदम गोल नको. वरच्या कापडाची निघालेली चिंधी आणि खालच्याची निघालेली चिंधी बाजूला काढा, उरलेल्या दोन कडा एकमेकींत बरोबर बसतात. शिवायला सुलटवर सुलट ठेवलं की मात्र त्या उलट्या दिशेने वळलेल्या दिसतात, घाबरू नका, मधोमध एक टाचणी लावा, मग टोकांना, आणि हळूहळू वरची कड बोटाने खालच्या कडेवर आणत आणत टीप मारा. ओढायचं नाही, ओढलं की फुगा येतो. वाफेच्या इस्त्रीने उरलेली सुरकुती बसते.

ठोकळे जोडून 42 इंच लांब आणि 7 इंच उंच पट्टा होऊ द्या. पुरं झाल्यावर आपल्याला 40 बाय 5 पाहिजे, पण टाके घातले की कापड आखडतं, म्हणून आधी मोठंच ठेवायचं.

ह्या पट्ट्याखाली जुन्या साडीचे दोन थर अंथरा, मोठे मोठे कच्चे टाके घालून तिन्ही एकत्र पकडा. मग धावदोरा. मशीनने करायचं असेल तर 14 नंबरची सुई, टाका 3 मिलिमीटर, सावकाश. पण खरं सांगू का, तोरणासाठी हातानेच करा. भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या, मधून सुरू करून टोकांकडे जा म्हणजे कापड मध्ये गोळा होत नाही, ओळी अर्ध्या-पाऊण इंचावर ठेवा. ओळी सरळ आल्या नाहीत तरी चालतं, तुकड्याच्या वळणाला धरून गेल्या तर उलट जास्त छान दिसतात. टाके लहान-मोठे झाले म्हणून उसवू नका, गाठ सुटलेली असेल तरच उसवा. झालं की इस्त्री करून पट्टा कापा 41 बाय 6, चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीत जातो.

खालच्या पाकळ्या सात. प्रत्येकी 5 इंच रुंद, म्हणजे 35, दोन पाकळ्यांमध्ये अर्धा इंच असे 3, आणि दोन्ही टोकांना एकेक इंच, झाले 40. कापताना साडेपाच इंच रुंद कापा, लांबी मात्र सगळ्यांची एक नको, 6 ते 8 इंच कमीजास्त होऊ द्या, एखादी गोल, एखादी टोकदार. पुढे ठोकळ्यातला तुकडा, मागे साधं कापड, सुलटवर सुलट, वरची कड उघडी ठेवून पाव इंचावर शिवा. टोकाजवळचं जास्तीचं कापड कापून टाका, गोलाईला बारीक काप द्या, उलटा आणि पेन्सिलीच्या बोथट बाजूने टोक बाहेर काढा. कात्रीच्या टोकाने काढायला गेलात तर भोक पडतं.

पट्टा सुलट बाजू वर करून पसरा. पाकळ्या त्याच्या खालच्या कडेवर उलट्या, म्हणजे टोकं वरच्या दिशेने आणि उघड्या कडा पट्ट्याच्या कडेला लागून. वरच्या कडेला नाडीचे तीन फास, दोन टोकांना आणि एक मध्ये, तेही आत तोंड करून. टाचण्या लावा. त्यावर 41 बाय 6 चा मांजरपाट ठेवा आणि चारी बाजूंनी अर्ध्या इंचावर शिवा, वरच्या कडेला फासांच्या मध्ये कुठेतरी 4 इंच जागा सोडा. पाकळ्यांची टोकं आणि नाड्या शिवणीत सापडत नाहीत ना हे बघत बघत जा. कोपरे कापा, सोडलेल्या जागेतून सगळं बाहेर ओढा, जागा हाताने शिवून टाका. पाकळ्यांच्या टोकाला घुंगरू, मणी, गोंडे काय आवडेल ते.

मशीन नसेल तर अजिबात अडत नाही. कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती पूर्ण हाताची असते. खाली साडी अंथरायची, एका कोपऱ्यावर पहिला तुकडा, कड बोटाने आत दुमडून धावदोरा, पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवायचा, असं कडेने गोल गोल फिरत आत मध्यापर्यंत यायचं. जोडणं आणि टाके घालणं एकदमच होतं. कोपऱ्यांना कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात. ह्या पद्धतीने दीड फुटाचं चौकोनी आसन करा, लक्ष्मीपूजनाच्या पाटावर घालायला सुंदर दिसतं. कड साडीच्या काठाचीच ठेवली तर वेगळा गोट लावायलाही नको.

संक्रांतीला काळ्या कापडावर करा. येवल्याला पतंगांचा केवढा जोर असतो, तोच विषय घ्या, वाकडे तिकडे त्रिकोण जोडून पतंग, आणि काळ्या भागावर पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी घाला, हलव्याचे दाणे सांडल्यासारख्या. पाडव्याला उभ्या पट्ट्या जोडून छोटी गुढी, वरती काठाचा तुकडा. गणपतीच्या मखरामागे 3 फूट बाय 3 फूट पडदा करणार असाल तर त्यात पॉलिस्टर नको, समई-निरांजन जवळ असतात आणि पॉलिस्टर वितळून हाताला चिकटतं. सुती कापडही पेटतंच, त्यामुळे ज्योतीपासून दोन हात लांबच लावा. आणि रंगपंचमीला मात्र बाहेरचं सगळं आदल्या दिवशीच उतरवा, आपल्या नाशकात रहाडीतून, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदातून, भिजून येणारी माणसं त्याच दारातून आत येतात.

धुवायचं ते थंड पाण्यात, हलक्या हाताने, खण-पैठणी असेल तर नुसतं झटकून उन्हं उतरल्यावर हवेशीर टांगायचं. ठेवताना घडी घालू नका, घडीवर जरीचा धागा तुटतो, सुती पंचात गुंडाळी करून ठेवा आणि आत वाळलेला कडुलिंबाचा पाला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल राहून डाग पडतात.