जुने फुटबॉल प्रोग्रॅम सापडलेत? हात लावण्याआधी या चुका टाळा

माझे मामा बोटीवर नोकरीला होते. लिव्हरपूलच्या गोदीत बोट लागली आणि नेमका शनिवार असला, की ते एव्हर्टनचा नाहीतर लिव्हरपूलचा सामना बघायला जायचे आणि येताना प्रोग्रॅम घेऊन यायचे. प्रोग्रॅम म्हणजे त्या एका सामन्यापुरती छापलेली, मैदानाच्या दारात विकली जाणारी पुस्तिका. त्यात दोन्ही संघांची नावं, मॅनेजरचं चार ओळींचं मनोगत, गुणतक्ता आणि भरपूर जाहिराती असतात. मामा गेल्यावर नौपाड्याच्या घरात माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा अशा शंभराहून जास्त पुस्तिका निघाल्या. मामी म्हणाली, "उद्या रद्दीवाला येणार आहे, तुला काही हवं असेल तर बघ." मी सगळ्याच घेतल्या. आणि पहिल्याच आठवड्यात, निव्वळ प्रेमापोटी, त्यातल्या सर्वांत देखण्या सहांची मुखपृष्ठं सुटी करून स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणली.

त्या सहा पुस्तिका संग्राहकाच्या लेखी संपल्या. लॅमिनेशनचं प्लास्टिक उष्णतेनं कागदात मुरतं, ते पुन्हा सुटत नाही. तेव्हापासून ठाण्यात, डोंबिवलीत, वाशीत कुणाच्या घरी असं गाठोडं निघालं आणि मला बोलावलं, की मी आधी एवढंच सांगतो: आठ दिवस काहीही करू नका. कसर आणि दमट हवा कागद खातातच, पण घरच्यांची हौस त्याहून लवकर खाते.

"नीट करून ठेवलंय" म्हणजे नेमकं काय केलंत?

सेलोटेप हा पहिला शत्रू. फाटलेल्या घडीवर लावलेली पट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. टेप आधीच लागलेली असेल तर ओढून काढू नका, छपाईसकट वरचा पापुद्रा निघून येतो. आहे तशी राहू द्या आणि विकताना स्पष्ट सांगा.

मधल्या गंजक्या पिनांबद्दल लोक हमखास विचारतात. गंज कागद कुरतडत जातो, त्यामुळे पिना काढणं चुकीचं नाही. पण पक्कडीनं उपटू नका. मधलं पान उघडा, पातळ बोथट पातं पिनेच्या वळलेल्या पायांखाली सरकवा, पाय सरळ उभे करा आणि मग मुखपृष्ठाच्या बाजूनं पिन हलकेच बाहेर घ्या. त्या जागी नवीन पिन मारू नका. पानं सुटी राहिली तरी चालतील, 'पिना काढलेल्या' एवढी नोंद पुरते. नवी चकचकीत पिन मात्र जाणत्या माणसाला लगेच खटकते. पुस्तिका उघडून पुन्हा जुळवली आहे का, नकली आहे का, अशी शंका त्याच्या मनात येते.

पेनानं लिहिलेलं खोडू नका. आयत्या वेळी बदललेले खेळाडू आणि झालेले गोल प्रेक्षक संघांच्या यादीच्या पानावर टिपून ठेवायचे. अशा खुणांमुळे इंग्लंडच्या बाजारात किंमत थोडी उतरते, पण खोडरबरानं घासलेला कागद त्याहून वाईट. मामांच्या एका प्रोग्रॅमवर त्यांनी मराठीत लिहिलंय, 'पाऊस. दुसरा हाफ उभ्याने पाहिला.' तो मी कुठल्याही भावाला देणार नाही.

आणि कुपन. ही चूक आपल्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. पूर्वी बरेच इंग्लिश क्लब प्रोग्रॅममध्ये टोकन छापायचे. वर्षभराची टोकनं कापून जमवली, की मोठ्या सामन्याच्या तिकिटासाठी ती दाखवता यायची. मँचेस्टर युनायटेडच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये टोकन आहे की कापलंय, हे आधी बघतात. तसंच साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षं अनेक क्लबांच्या प्रोग्रॅममध्ये 'फुटबॉल लीग रिव्ह्यू' ही लीगची वेगळी पुरवणी घातलेली असायची. ट्रंक साफ करताना ही सुटी पुरवणी 'दुसरंच काहीतरी' म्हणून रद्दीत जाते. प्रत्येक पुस्तिका उघडून पानं मोजा आणि आत जे निघेल ते त्याच पुस्तिकेत परत ठेवा.

आपल्या हवेत कागद ठेवायचा कसा

ठाण्या-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या वाटतात. मग माळा, पलंगाचा बॉक्स, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं प्लायवूडचं कपाट, या तिन्ही जागा बाद. आतल्या भिंतीजवळचं, जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी कपाट बरं. कुणाची खाडीकाठी तळमजल्यावर खोली असेल त्यानं २६ जुलै २००५ आठवावा आणि खालचा खण रिकामाच ठेवावा.

बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका. पीव्हीसी काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई उचलतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, आणि तीही तोंड चिकटवून बंद करू नका. पुस्तिका आडव्या, सपाट ठेवा. रबरबँड नको, डांबरगोळ्याही थेट कागदाला लागू देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर पावसाळ्यात त्या बदलत राहायला हव्यात. भिजलेली पुडी काही शोषत नाही.

कसर दिसली तर फवारा मारू नका. पुस्तिका झिपच्या पिशवीत घालून हवा काढा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर बाष्प धरतं आणि एका संकटातून दुसरं उभं राहतं. पुस्तिका पाण्यात भिजल्या असतील तरीही फ्रीजरच कामी येतो. गुळगुळीत आर्ट पेपरची ओली पानं एकमेकांवर वाळली की वीट होते. एकेक पान सोडवून मध्ये कोरा कागद घालायला त्या दिवशी सवड नसेल, तर गोठवा आणि सवडीनं थोड्या थोड्या बाहेर काढा. आधीच चिकटून वाळलेली पानं मात्र घरी सोडवायला जाऊ नका, ते कागद-संवर्धन करणाऱ्यांचं काम आहे.

मुखपृष्ठ गेलंय, साल कळत नाही

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर बहुतेक वेळा आतच असतं. बऱ्याच प्रोग्रॅमवर 'शनिवार, अमुक तारीख' एवढंच असतं, साल नसतं. लोक मग अंदाजानं '१९६० च्या आसपास' असं लिहून टाकतात. ती चूक करू नका, खुणा वाचा.

किंमत बघा. ब्रिटननं १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान चलन घेतलं. त्याआधी पेनीची खूण 'डी' होती, नंतर 'पी' झाली. संघांची यादी बघा. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू १९६५-६६ च्या मोसमापासून आला, म्हणून ११ नावांखाली १२ नंबर छापला असेल तर पुस्तिका त्याआधीची नाही. म्हणजे १२ नंबर आहे आणि किंमत सहा 'डी' आहे, तर तुम्ही साडेपाच वर्षांच्या पट्ट्यात आलात. आता गुणतक्ता उघडा. विजयाला दोन गुण असतील तर १९८१ च्या उन्हाळ्याआधीचा, तीन असतील तर नंतरचा. तिसरी डिव्हिजन 'उत्तर' आणि 'दक्षिण' अशी विभागलेली दिसली तर १९५८ च्या उन्हाळ्याआधीचा, चौथी डिव्हिजन असेल तर त्यानंतरचा. शेवटी तारीख आणि वार जुळवा. अमुक तारखेला शनिवार त्या पट्ट्यात एखाद-दुसऱ्या वर्षीच येतो. मामांच्या ट्रंकेतल्या चार बिनकव्हरच्या पुस्तिका मी अशाच लावल्या.

जुना म्हणजे महाग, हा हिशेब सोडा

२०१३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या १८८२ च्या अंतिम सामन्याचा प्रोग्रॅम ३५,२५० पौंडांना गेला. ओल्ड इटोनियन्स विरुद्ध ब्लॅकबर्न रोव्हर्स. असा आकडा वाचून लोक आपल्याकडच्या १९७४ च्या लीग सामन्याच्या पुस्तिकेला हजारोंचा भाव लावतात. पण मोठ्या क्लबचे सत्तरच्या दशकातले प्रोग्रॅम दर सामन्याला हजारोंनी छापले गेले आणि हजारोंनी जपलेही गेले. त्यांना चहा-वडापावच्या हिशेबातली किंमत येते, बोटीचं भाडं सोडाच.

किंमत ठरते ती दोन गोष्टींवर: किती प्रती उरल्या आणि किती जणांना हव्यात. मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकला संघाचं विमान कोसळलं. ८ तारखेला वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धचा सामना होता, तो पुढे ढकलला. त्याचे छापून ठेवलेले प्रोग्रॅम नष्ट केले गेले, मोजक्या प्रती निसटल्या. म्हणून तो दुर्मीळ आणि फार महाग. १९ फेब्रुवारीला संघ पुन्हा मैदानात उतरला तो शेफील्ड वेन्सडेविरुद्ध, आणि त्या प्रोग्रॅममध्ये युनायटेडच्या खेळाडूंच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या, कारण कोण खेळणार हे छापताना माहीतच नव्हतं. ते कोरं पान बघताना आजही माझा हात थांबतो. पण त्या सामन्याला जवळपास ६० हजार माणसं आली होती, प्रतीही बऱ्याच उरल्या. भावना मोठी असली तरी भाव पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही.

इंटरनेटवर लोकांनी मागितलेल्या किमती बघून भाव ठरवू नका. मागणारा काहीही मागतो. खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती बघा, त्याच सामन्याच्या, त्याच अवस्थेतल्या.

पुनर्मुद्रणाला फसू नका

प्रसिद्ध सामन्यांचे प्रोग्रॅम पुन्हा छापले जातात, बऱ्याचदा उघडपणे, आठवण म्हणून. ३० जुलै १९६६ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचा आणि वर सांगितलेल्या शेफील्ड वेन्सडे सामन्याचा असे दोन्ही सर्रास मिळतात. चार हात फिरल्यावर 'पुनर्मुद्रण' हा शब्द गळून पडतो. भिंगातून छपाई बघा. मूळ प्रतीत छायाचित्रातले ठिपके आणि बारीक अक्षरं स्पष्ट असतात, तर नकलेत ठिपक्यांवर ठिपके पडतात आणि अक्षरं फुगलेली दिसतात. नोटा तपासायचा निळा दिवा युद्धापूर्वीच्या प्रोग्रॅमला उपयोगी आहे. कागद चमकवणारी रसायनं सर्रास आली ती १९५० च्या सुमारास, त्यामुळे १९२३ ची म्हणवणारी पुस्तिका निळसर पांढरी उजळली तर घेऊ नका. १९६६ च्या बाबतीत हा दिवा निर्णय देत नाही, हेही लक्षात ठेवा. सह्यांचंही तसंच. शाई कागदावर बसलीय की छपाईचाच भाग आहे, हे भिंगाखाली कळतं.

कूपरेजच्या स्मरणिका

माझा जीव खरं तर इथे अडकलाय. रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा मुंबईत १८९१ पासून होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सनं तो कप जिंकला, तोवर तो गोऱ्या पलटणींच्याच हातात होता. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. मफतलाल, ऑर्के, टाटा असे आपले कंपन्यांचे संघ मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळायचे आणि गिरणीतली, रेल्वेतली माणसं बघायला जायची. त्यांच्या मुलांची-नातवंडांची घरं आज ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळला आहेत. त्या सामन्यांच्या स्मरणिका निघाल्या तर त्या याच घरांतून निघतील.

इथे चूक होते ती इंग्लंडचं मोजमाप लावण्याची. आपल्याकडे विक्रीची उदाहरणंच इतकी थोडी, की 'बाजारभाव' असा नाहीच. म्हणून पहिल्या माणसानं सांगितलेल्या आकड्याला हो म्हणू नका, आणि कुणी लाखाचं स्वप्न दाखवलं तर तेही धरून बसू नका. जाहिरातींची पानं फाडून 'हलकं' करू नका. गिरण्यांच्या, बँकांच्या त्या जाहिराती आता दुसरीकडे सापडणं कठीण. स्मरणिकेत खोचलेला तिकिटाचा तुकडा, पास, वर्तमानपत्राचं कात्रण वेगळं काढायचं असेल तर कुठल्या पानात होतं ते लिहून ठेवा. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, शेजारच्या पानावर तपकिरी सावली पाडतो, म्हणून तो वेगळ्या पाकिटात हवा.

नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २०१७ ला मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले आणि ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. त्या दिवसांचं तिकीट, पत्रक, जे काही घरात असेल ते आत्ताच सपाट पाकिटात घाला. थर्मल कागदाची तिकिटं उन्हात आणि प्लास्टिकमध्ये पुसली जातात, त्यांचा आधी फोटो काढा.

विकायला निघालात तर

गठ्ठ्यातली चांगली चार उचलून नेणाऱ्याला देऊ नका, उरलेली मग कुणी घेत नाही. एकाच संघाचा सलग मोसम असेल तर तो फोडू नका. यादी करा: सामना, तारीख, मैदान, टोकन, पुरवणी, पिना, लिखाण. फोटोत मधलं पान आणि मागचं पान दाखवा, डागासकट. परदेशातून विकत घेताना टपालखर्च आणि कुरिअरवाल्यानं लावलेलं आयातशुल्क धरून हिशेब करा, दोन पौंडांची पुस्तिका घरी येईपर्यंत कितीतरी पट पडते. आणि कुणी 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

मामांच्या ट्रंकेतले दुहेरी निघालेले नऊ प्रोग्रॅम मी विकले, त्या पैशांत बाकीच्यांची पॉलिएस्टरची पाकिटं आली. लॅमिनेट केलेली सहा मुखपृष्ठं त्याच कपाटात वरच्या खणात आहेत. कुणी नवीन पुस्तिका घेऊन आलं, की आधी ती हातात देतो.