चिठ्ठी कोणाची ते ओळखू नका

बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये मुलांचा 'अभिप्राय' आपण सगळ्यांनीच घेतलाय. हसरा चेहरा, रडका चेहरा, कागद फाइलला लावला, मार्क मिळाले. त्यामुळे विद्यार्थी-सहभाग म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. ज्यांना यंदा पहिल्यांदा स्वतःचा वर्ग मिळालाय आणि मुलांना विचारून शिकवायची हौस आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. हौस मलाही होती. तिच्यापायी एका मुलाचं तोंड तीन वर्षं बंद झालं, ते आधी सांगते.

धनकवडीकडची अनुदानित मराठी शाळा, दुपारचं सत्र, आठवी, पट ५२. विषय गणित. पहिल्या घटक चाचणीनंतर मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, प्रश्न एकच : माझ्या तासाला काय बदलायला हवं? बहुतेकांनी गृहपाठ कमी करा म्हटलं. एका चिठ्ठीत होतं, "बाई फळ्याशी बोलतात. फळ्याला समजतं, आम्हाला नाही."

रोज पन्नास वह्या तपासणाऱ्या बाईला अक्षर ओळखू येणार नाही का? तो 'ळ' मी झोपेतसुद्धा ओळखला असता. राग आला नाही, खरंच. उलट ते वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी उदाहरण सोडवता सोडवता त्याच्या बाकाकडे बघून हसत म्हटलं, "काय रे, आज फळ्याला समजलं का?" वर्ग खो खो हसला. तोही हसला, पण कान लाल झाले होते.

पुढच्या महिन्यात सगळ्या चिठ्ठ्यांवर "बाई छान शिकवतात". एक मात्र कोरी, नीट चार घड्या घातलेली. दहावीपर्यंत तो वर्ग माझ्याकडेच होता. जितक्यांदा चिठ्ठ्या घेतल्या, तितक्यांदा एक कोरी निघाली.

नीट बघा, मी त्याला रागावले नव्हते, त्याचं नावही घेतलं नव्हतं. फक्त बघितलं होतं. वर्गाला तेवढ्यावरून कळलं की बाई अक्षर ओळखतात, आणि ओळखलं की सगळ्यांसमोर बोलतात. चिठ्ठी निनावी असते ती परक्या माणसाला. तुम्ही रोज त्यांच्या वह्या बघता, तुम्हाला ती कधीच निनावी नसते, आणि मुलांना हे आपल्या आधी कळतं. म्हणून स्टाफरूममध्ये चिठ्ठी वाचून दाखवू नका. तिथला शब्द मधल्या सुट्टीच्या आत वर्गात पोचतो. पालकसभेत "तुमच्या मुलाला माझं कळत नाही म्हणे" हे तर नाहीच नाही. कौतुकही नको. "कोणीतरी फार छान सूचना केलीय" असं म्हणताना आपले डोळे कुठे जातात, हे सगळा वर्ग टिपत असतो.

आता मी एकेकट्याच्या चिठ्ठ्या घेतच नाही. पाच जणांचा गट, एक कागद, लिहिणारा दर वेळी वेगळा. जे लिहिलं ते गटाचं. अक्षर ओळखून उपयोग नाही, कारण मत त्या अक्षराचं असेलच असं नाही. गुगल फॉर्म सुचवणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे : आठवीतलं मूल आईच्या फोनवरून फॉर्म भरतं, तेव्हा आई शेजारी बसलेली असते. जिथे शिकवलं तिथेच, कागदावरच विचारा.

यातलं काही तुमच्या हातून आधीच झालं असेल तर घाबरू नका. वर्ग परत बोलायला लागतो, वेळ लागतो इतकंच. माझा पुढचा वर्ग दिवाळीनंतर मोकळा झाला. मी फळ्याचा उजवा कोपरा राखून ठेवला. गटांनी मागितलेली एक गोष्ट तिथे लिहायची आणि दोन दिवसांत करायची. पहिली मागणी होती, "पुसण्याआधी विचारा." एवढंच. मी ते केलं, आणि पुढच्या कागदांवर गृहपाठ सोडून इतर गोष्टी दिसायला लागल्या.

आठवीत 'चलन' नावाचा धडा आहे. समचलन म्हणजे एक वाढलं की दुसरंही त्याच पटीत वाढतं, व्यस्तचलन म्हणजे त्याच पटीत कमी होतं. चार तास झाले, मजूर वाढले की दिवस कमी, सगळं झालं. पाचव्या दिवशी एका गटाच्या कागदावर प्रश्न : "चलन म्हणजे पोलीस फाडतात तेच ना? मग मजूर कुठून आले?" पुण्यातल्या पोरांना दुसरं काय सुचणार! मी त्यांनाच विचारलं, कसं सांगू? एक मुलगी म्हणाली, "बाई, आधी 'जोडीने बदल' म्हणा, नाव मागून सांगा." तेव्हापासून मी धड्याचं नाव तिसऱ्या तासाला सांगते. समचलनाला मी रिक्षाच्या मीटरचं उदाहरण द्यायचे. त्यावर मागच्या बाकावरून आलं, "बाई, अर्धा किलोमीटर गेलं तरी दीड किलोमीटरचेच पैसे घेतात, मग गुणोत्तर सारखं कुठे राहतं?" त्याचे वडील रिक्षा चालवतात. उदाहरण मोडलं. मग त्याच्याकडूनच अंतर आणि भाड्याचा तक्ता करून घेतला आणि समचलन कुठून चालू होतं ते वर्गाने शोधलं. भागीदारी म्हणतात ती मला त्या तासाला कळली.

याउलट ५ सप्टेंबरला मुली साड्या नेसून तास घेतात आणि फोटो निघतात, त्याला भागीदारी म्हणू नका. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली मांडलेल्या मुलांच्या सहभागाच्या शिडीला आठ पायऱ्या आहेत. त्यातल्या खालच्या तीन, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, सहभागात मोजतच नाहीत.

मार्गदर्शक हवा असेल तर कार्यशाळेत शोधू नका. मागच्या बाकावर बसून तोंड बंद ठेवेल असं माणूस शोधा. मला आमच्या चित्रकलेच्या बाई मिळाल्या. त्यांनी एकच सुचवलं : तू कोणाला प्रश्न विचारतेस ते दोन मुलांना मोजायला सांग. आठवडाभर खुणा झाल्या. खिडकीकडच्या दोन रांगांत माझा जवळपास एकही प्रश्न गेला नव्हता. मी चिडले, मोजणी चुकली म्हणाले. मुलांनी वही पुढे केली.

मुख्याध्यापक "हे काय नवीन?" म्हणालेच, तर शिक्षणहक्क कायदा, २००९ दाखवा. कलम २९ मध्ये मुलाला भीतीतून मोकळं करणं आणि मोकळेपणाने मत मांडायला मदत करणं लिहिलेलं आहे. आणि याच पुण्यात, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला होता, आपल्या समाजाच्या दुःखाविषयी. आपण अजून 'माझा आवडता पक्षी' देतो.

सगळ्या मागण्या पुऱ्या होत नाहीत. नाही जमलं तर का नाही, ते त्याच कोपऱ्यात लिहायचं. गप्प बसून पुसून टाकणं सगळ्यांत वाईट. आत्ता माझ्या फळ्यावर एकच ओळ उरलीय : "गणित शेवटच्या तासाला नको." वेळापत्रक माझ्या हातात नाही. दोनदा ऑफिसात जाऊन आले. दोन्ही तारखा तिच्याखाली खडूने लिहिल्यात, आणि वर्गमंत्री रोज त्या तारखा सोडून बाकी फळा पुसते.