श्रावण पाळणाऱ्याला सांभाळताना: वस्तीतल्या मदत गटासाठी

गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, हे दरवर्षी चालतं. अधूनमधून घेणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण ज्याला उठल्या उठल्या घोट लागतो, त्याने दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे गटाने गटारीच्या दोन आठवडे आधीच कामाला लागावं.

श्रावण पाळणार म्हणणाऱ्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारा. सकाळी न घेता हात कापतात का? आधी सोडली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? एक जरी 'हो' आलं तरी शपथ, माळ, नारळ सगळं बाजूला ठेवा आणि त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. जवळचं केंद्र ठाऊक नसेल तर १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. आधी फिट येऊन गेलेल्याची दारू घरी सोडवायची नाही, भरतीच करायचं.

डॉक्टर भेटेपर्यंत त्याने रोजची घेणं चालू ठेवावं. घरच्यांना हे ऐकून राग येतो, पण एकदम तोडण्यापेक्षा ते बरं. कमी करायचीच तर मोजून. रोज दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. त्यातून दर चार दिवसांनी एक स्मॉल, ३० मिली, कमी. थरथर वाढली की आहे तिथेच थांबा. हातभट्टीला हे गणित लागू नाही, कारण तिचा कडकपणा घाणागणिक बदलतो. शिवाय त्यात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असण्याची भीती आहेच. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभरावर माणसं गेली.

सोडल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, मळमळतं. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. खरा घात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो: ताप चढतो, माणूस दिवस-रात्र विसरतो, अंथरुणावरचे नसलेले किडे झटकत बसतो. घरचे म्हणतात 'बाहेरचं लागलं' आणि देवऋषीकडे नेतात. तेवढ्यात वेळ हातची जाते. थेट १०८.

म्हणून पहिले चार दिवस त्याच्याजवळ पाळीने बसा. चार जण, सहा-सहा तास. पाळी बदलताना वहीत लिहा: काय खाल्लं, किती झोपला, थरथर वाढली की उतरली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची स्ट्रिप त्याच्या उशाशी नको. बसणाऱ्याने लिहून दिल्याप्रमाणे एकेक द्यावी. त्या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावतो, म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी आणणंही बंद.

गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, सलाइन लावतो' म्हणाले तर विचारा: बी-१चं इंजेक्शन आधी देणार का? जुन्या पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेली चादर ठेवा, घड्याळ बघा. चप्पल-कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. झटके थांबले तरी रुग्णालयात न्यायचंच. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८ला तसं स्पष्ट सांगा.

भाजीत किंवा चहात लपून घालायच्या पावडरीबद्दल बायका आणि आया हमखास विचारतात. ठामपणे नाही म्हणा. अशा पावडरीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. कमजोर हृदयाचा माणूस त्यात दगावू शकतो. हे औषध माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहतो, हे त्याला स्वतःला ठाऊक हवं.

पाचव्या दिवसापासून संध्याकाळ सांभाळायची. गुत्त्याची वेळ सात असेल तर बैठक पावणेसातला, चहासकट. बोलणारे शक्यतो सोडून वर्ष झालेले असावेत. उपदेश करणारा माणूस पहिल्याच दिवशी गर्दी पांगवतो. पगाराच्या दिवशी एकाने कामाच्या गेटवरच भेटावं. कोणी घसरला तर किती घेतली ते विचारा, का घेतली ते चार दिवसांनी.

आणि पिठोरी अमावास्येची बैठक चुकवू नका. महिनाभर कोरड्या राहिलेल्या अंगाला जुनी मात्रा झेपत नाही. दुसऱ्या दिवशी जे पिणारच आहेत, त्यांना निदान सांगा की आधी जेवा, एकटे बसू नका आणि पहिल्या स्मॉलनंतर तासभर थांबा.