मोबाइलवर वीज स्लो मोशनमध्ये कशी टिपावी

वीज डोळ्यांना एकदाच चमकल्यासारखी वाटते. खरं तर ती ढगातून साधारण 50-50 मीटरच्या टप्प्यांनी, फाटे फोडत खाली उतरते. जमिनीला भिडायला तिला 20 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मग त्याच वाटेने झगझगीत झोत वर उसळतो आणि पुष्कळदा ती वाट तीन-चारदा पुन्हा उजळते. वीज थरथरल्यासारखी दिसते ती यामुळेच. सेकंदाला 240 फ्रेम घेणाऱ्या साध्या मोबाइललाही उतरत्या विजेच्या चार-पाच फ्रेम मिळू शकतात. मला लखलखाटापेक्षा याच फ्रेम मोलाच्या वाटतात.

मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, आणि वेळ अंधार पडल्यानंतरची. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते आधी उघडा. चमक आणि गडगडाट यांत 3 सेकंद गेले तर वीज 1 किलोमीटरवर आहे. पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. गच्ची नको, बाल्कनी नको, झाडाखाली तर मुळीच नको. पक्क्या घरात, बंद खिडकीच्या आतूनच चित्रण करा.

खोलीतले दिवे मालवा, नाहीतर काचेत तेच दिसतील. मोबाइल ट्रायपॉडवर आडवा लावा. दूरच्या दिव्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग स्क्रीनवर चित्राचा उजेड (एक्स्पोजर) थोडा कमी करा, कारण वीज स्वतःच भरपूर प्रकाश आणते.

वीज दिसल्यावर बटण दाबाल तर हाती काही लागणार नाही. महागडे हाय-स्पीड कॅमेरे सतत मेमरीत चित्रण फिरवत ठेवतात आणि बटण दाबताच मागचे क्षण जपतात. मोबाइलवर आपण आधीपासूनच रेकॉर्डिंग चालू ठेवायचं: दोन-दोन मिनिटांचे तुकडे घ्या, रिकामे लगेच पुसा. 960 फ्रेमच्या मोहात पडू नका. बऱ्याच फोनवर तो मोड सेकंदभरही टिकत नाही.

नंतर व्हिडिओ संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा आणि कीबोर्डवरचं 'ई' (E) दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. एखादी फ्रेम अर्धीच पांढरी दिसली तर कॅमेरा बिघडलेला नाही. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळी-ओळीने वाचतो, आणि वीज ते वाचन पुरं होण्याआधीच विझलेली असते.